संकेतांक नऊ, घर बंद

ज्याची नोंद नाही त्याचे नुकसान होत नाही. हा सिद्धान्त पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण विकासासाठी मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय कर्जांचा सगळा सदाचार त्यावर उभा आहे, आणि मोहबोडी या गावी मी तो सहा वर्षे जवळून पडताळून पाहिला आहे.

पडताळणीची सुरुवात एका कुलपापासून झाली. केसरबाईंच्या दारावरचे कुलूप पितळेचे होते, रुंदी अठ्ठेचाळीस मिलिमीटर. त्याच्या उजवीकडे अकरा सेंटिमीटरवर, दाराच्या चौकटीत, एक खिळा होता आणि खिळ्याला त्याच कुलपाची किल्ली सुतळीने अडकवलेली होती. सर्वेक्षणाच्या दिवशी, म्हणजे १४ मार्च रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, मी कुलूप पाहिले, खिळा पाहिला आणि किल्लीही पाहिली. माझ्या हातातल्या टॅबमध्ये कुलपासाठी संकेतांक होता : नऊ, घर बंद. किल्लीसाठी संकेतांक नव्हता. मी नऊ दाबले आणि पुढच्या घराकडे गेले.

(मोहबोडीत कुलूप माकडांसाठी लावतात आणि किल्ली माणसांसाठी टांगतात, हे मला नंतर कळले. घरधनी बाहेरगावी गेला तरी शेजारणीला संध्याकाळी त्याच्या कोंबड्या कोंडायच्या असतात. या व्यवस्थेत गावात आजवर चोरी झालेली नाही. तसे तोवर सर्वेक्षणही झालेले नव्हते.)

केसरबाई त्या आठवड्यात गडचिरोलीला होत्या, लेकीच्या, म्हणजे संघप्रियाच्या बाळंतपणासाठी. सतराव्या दिवशी त्या नातीचे तोंड पाहून परतल्या, तोवर नोंदणीची कट-ऑफ तारीख, पंधरा मार्च, उलटून गेली होती.

मोहबोडी सिंदेवाहीच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला आहे. घरे एकसष्ट : गोंडांची एक्केचाळीस, बौद्धांची बारा, ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, आठ. (केसरबाईंचे धरून. अहवालात साठ आहेत.) गावाला एक मामा तलाव आहे. मालगुजार गेले, मालगुजारी गेली, तलाव राहिला, म्हणून तो माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. त्याच्या पाण्यावर गावाचा धान पिकतो. प्रकल्प असा : तलावाची पाळ एक मीटर वीस सेंटिमीटरने उंच करायची, जादा साठलेले पाणी नळाने शहरातल्या नव्या वसाहतींना द्यायचे, आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की ते पाणी बाहेर काढायला एक नवा, रुंद सांडवा खोदायचा. या सांडव्याचा मार्ग केसरबाईंच्या घरातून जातो. नकाशावर पाहिले तर चुलीच्या किंचित डावीकडून.

प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव सांगत नाही. गावातही कोणी सांगत नाही. ज्या बँकेत पासबुक असते ती ‘आपली बँक’ आणि ही नुसती ‘बँक’. तिचे मुख्यालय समुद्रापलीकडे आहे, पण तिचे सुरक्षा धोरण थेट मोहबोडीच्या अंगणापर्यंत येते. दोनशे बारा पानांचे हे धोरण मी तीनदा वाचले आहे. मी मुळात वनस्पतिशास्त्राची, गवतांवर काम केलेली. प्रकल्पाच्या सर्वेक्षकाच्या जाहिरातीत ‘विज्ञान शाखेची पदवी व दुचाकी चालवता येणे आवश्यक’ असे होते, आणि माझ्याकडे दोन्ही होते. तरीही सांगते, इतका सभ्य कागद मी दुसरा पाहिलेला नाही. कोणाची जमीन जाऊ नये, गेलीच तर आधी विचारावे. घर पडू नये, पडलेच तर त्याहून बरे बांधून द्यावे. आदिवासींना त्यांच्या भाषेत समजवावे, त्यांच्या देवांना धक्का लावू नये, त्यांची संमती मुक्तपणे, आधी आणि पूर्ण माहिती देऊन घ्यावी. वटवाघळांच्या झोपेसाठी स्वतंत्र परिच्छेद आहे. आपण घरच्या कामवालीला सुट्टी देतानाही इतका विचार केला नसेल.

हे सगळे संरक्षण ‘बाधित व्यक्तीं’ना मिळते. बाधित व्यक्ती म्हणजे सर्वेक्षणाच्या यादीत नाव असलेली व्यक्ती. कट-ऑफ तारखेनंतर यादी मिटते. ही कल्पना अत्यंत न्याय्य आहे. कर्ज येणार म्हटले की लोक घाईने झोपड्या ठोकतात आणि भरपाई मागतात, असा जगभरचा अनुभव आहे. (कोणाचा, ते धोरणात दिलेले नाही.) म्हणून जे घर यादीत नाही ते तारखेनंतर आले असे मानतात. केसरबाईंचे घर त्यांच्या लग्नाच्या वर्षी बांधलेले, बावन्न वर्षांचे. धोरणानुसार ते पंधरा मार्चनंतर केव्हातरी उगवले.

मी हे त्यांना समजावून सांगितले. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, “बावन्न वर्षांआधी मले कसं मालूम होतं जी, का तुमची बँक येनार हाय?”

मी हा प्रश्न जसाच्या तसा वर कळवला. प्रश्नाची नोंद घेण्यात आल्याचे उत्तर आले. ही केसरबाईंची प्रकल्पातली पहिली नोंद.

यानंतर त्यांनी जे जे केले ते सर्व धोरणात सांगितलेल्या मार्गानेच केले, हे इथे मुद्दाम लिहिते, कारण अशा लोकांना मार्ग ठाऊक नसतात असा एक समज आहे. त्यांनी तक्रार निवारण कक्षाकडे अर्ज केला की माझे घर यादीत नाही. कक्षाने एकोणिसाव्या दिवशी (मुदत एकवीस दिवसांची होती) कळवले की तक्रार करण्याचा अधिकार यादीतल्या व्यक्तींना आहे. मग त्यांनी ‘असुरक्षित गटा’साठी अर्ज केला. विधवा, साठीपुढची, एकटी राहणारी, भूमिहीन मजूर. पाच निकषांपैकी चार त्यांनी पूर्ण केले. पाचवा निकष बाधित असण्याचा होता. आदिवासींसाठीचे प्रकरण तर त्यांना लागूच नव्हते, कारण केसरबाईंचे सासरे छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते आणि त्याआधीही ते गोंड नव्हते. घर यादीत घालण्याची दुरुस्ती मीही तीनदा सुचवली. यादी उघडायची तर कट-ऑफ तारीख उघडावी लागते, ती या तलावापुरती उघडता येत नाही, प्रकल्पातल्या सगळ्या एकोणीस तलावांची एकदम उघडावी लागते, आणि तसे झाले तर वटवाघळांपासून पुन्हा सुरुवात.

मग प्रकल्प संचालकांनी उपग्रहाची मदत घ्यायचे ठरवले. उपग्रह निःपक्षपाती असतो. कट-ऑफ तारखेच्या आदल्या आठवड्याचे छायाचित्र मागवले. ते आले, फार स्पष्ट होते, त्यात गावातली शेळीसुद्धा मोजता येत होती. केसरबाईंच्या घराच्या जागी एक हिरवा गोल होता. ती त्यांच्या दारची चिंच. चिंचेने घर पूर्ण झाकले होते. बावन्न वर्षे ऊन लागू दिले नाही, तसेच उपग्रहालाही दिसू दिले नाही.

चिंच मात्र सापडली. जैवविविधता आराखड्यात तिची रीतसर नोंद झाली. मापे मीच घेतली : जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर घेर तीन मीटर बारा सेंटिमीटर, प्रकृती उत्तम. तिला क्रमांक ४१७ मिळाला. ती तोडल्यास दहा रोपे लावायची आणि ती जगली का हे तीन वर्षे पाहायचे. जस्ताच्या पत्र्यावर क्रमांक कोरून आणला होता. तो झाडाला लावताना पत्रा केसरबाईंनी धरला आणि खिळा मी ठोकला.

“मॅडम,” त्यांनी विचारले, “घराले बी एखादा ठोकून देता काय?”

मी सांगितले की घरांचे पत्रे संपले आहेत. तांत्रिकदृष्ट्या हे खरे होते.

आता देवाबद्दल. नवा सांडवा आधी तलावाच्या उत्तरेला ठरला होता. तिथे ओसाड जागा आहे, आणि एका साजाच्या झाडाखाली गोंडांचा देव आहे. त्याला पेन म्हणतात. बँकेच्या तज्ज्ञांनी देव पाहिला आणि त्याच दिवशी सांडवा दक्षिणेला नेला. दक्षिणेला काय आहे, हे त्यांनी यादीत पाहिले. यादीत काही नव्हते.

गावचे भूमक, म्हणजे गोंडांचे पुजारी, मंगरूभाऊ. वय पंचाहत्तरीच्या आसपास, शरीराने वाळक्या शेंगेसारखे, बोलणे कमी. त्यांनी पुढच्या सभेत सांगितले की सांडवा पुन्हा उत्तरेला न्या, आमचा पेन चार हात सरकेल. तो काही एका जागी बसून राहणारा देव नाही. दर तिसऱ्या वर्षी पाहुण्या देवांना भेटायला निघतो, दोन-दोन मुक्काम करतो, कधी परत यायला महिना लावतो. त्याला रीतीने विचारू, कोंबडा देऊ, तो हो म्हणाला तर सरकवू. गावाने पुढच्याच अमावास्येला विचारले. पेन हो म्हणाला. (देवाला प्रश्न कसा विचारतात आणि तो उत्तर कसे देतो याचे मी निरीक्षण केले आहे. आमच्या प्रश्नावलीपेक्षा त्यात वेळ कमी लागतो आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय नसतो.)

बँकेने नम्रपणे नकार दिला. धोरणानुसार पवित्र स्थळ हलवता येत नाही. संबंधित समाज स्वतः तयार असेल तर त्याच्यावर दबाव आला असण्याची शक्यता तपासावी लागते. ती तपासायला एक तज्ज्ञ आले, चार दिवस राहिले, आणि देवावर दबाव असल्याचे नाकारता येत नाही असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

त्या संध्याकाळी मंगरूभाऊ केसरबाईंच्या दारात येऊन बसले. मग म्हणाले, “केसरबाई, तुह्यासाठी देव उठाले तयार हाय. बँक उठू देऊन नाई राह्यली.”

“राहू द्या ना भाऊ,” केसरबाई म्हणाल्या. “त्याले कायले तरास. तो तं बिचारा हो म्हनला.”

अशा रीतीने मोहबोडीत फिरता देव अचल ठरला आणि उभे घर अस्तित्वात नसल्याचे ठरले. दोन्ही निर्णय धोरणाला धरून होते. मला त्यात एकही चूक दाखवता आलेली नाही.

भाषेच्या बाबतीतही बँक तितकीच दक्ष राहिली. आदिवासींशी चर्चा त्यांच्या मातृभाषेतच व्हावी म्हणून गोंडीचे एक जाणकार आणले. ते दूरच्या जिल्ह्यातले होते आणि त्यांची गोंडी अतिशय शुद्ध होती. ते पन्नास मिनिटे बोलले. मोहबोडीचे गोंड दोन पिढ्यांपासून घरात मराठीतली झाडीबोली बोलतात. म्हाताऱ्यांना गोंडी समजते, पण ही समजेना. तरुण पोरे मोबाईल पाहू लागली. एक्कावन्नाव्या मिनिटाला मंगरूभाऊंनी मागे वळून केसरबाईंना विचारले की हा पाहुणा काय म्हणतो. केसरबाईंचे माहेर धानोऱ्याकडचे, बालपण गोंडांच्या पोरींबरोबर मोह वेचण्यात गेलेले. सभेत ती गोंडी पूर्ण समजलेली व्यक्ती एकच होती.

“त्यायचं म्हननं हाय,” त्या म्हणाल्या, “का ज्याचं जाते त्याले आधी इचारतो, समदं सांगून इचारतो, अन् दम देत नाई.”

“मंग इचारत काऊन नाई?” मंगरूभाऊंनी विचारले.

हे वाक्य इतिवृत्तात आले नाही, कारण ते गोंडीत नव्हते. केसरबाईंचे आभार मात्र मानलेले आहेत, पान चौसष्टवर, ‘स्थानिक भाषा-साधन’ या शीर्षकाखाली, लाउडस्पीकरच्या खालोखाल.

सहा वर्षांत एकूण अकरा मिशन आली (बँकेच्या पाहणी पथकाला मिशन म्हणतात), त्रेचाळीस सभा झाल्या. सभेचा सरासरी काळ दोन तास चाळीस मिनिटे, पैकी संमतीच्या विषयावर चार मिनिटे. सर्व सभा केसरबाईंच्या अंगणात भरल्या, कारण गावात इतकी गार सावली दुसरीकडे नाही. चहा त्यांच्याच चुलीवर झाला, पाहुण्यांचे हातपाय त्यांच्याच घरामागच्या सांदवाडीतल्या हौदावर धुतले गेले, आणि तिसऱ्या मिशनच्या प्रमुख बाईंना भोवळ आली तेव्हा त्यांना केसरबाईंच्याच खाटेवर निजवले. अहवालांमधल्या छायाचित्रांत केसरबाईंचे घर एकशे सहा वेळा आले आहे. खाली ओळ असते : ‘खुल्या जागेत समुदायाशी चर्चा’.

पहिल्याच सभेत ढिवरांनी सांगितले होते की पाळ उंच करू नका, तलावातला गाळ काढा, तेवढेच पाणी मावेल आणि नवा सांडवाही लागणार नाही. मी नंतर गाळ मोजला. सरासरी एक मीटर अठरा सेंटिमीटर. पाळ उंच करायची होती एक मीटर वीस. दोन सेंटिमीटरच्या फरकाने हा पर्याय बाद झाला असे मी म्हणणार नाही. तो ‘इतर सूचना’ या सदरात सुरक्षित आहे. गाळ काढण्याला बांधकाम म्हणत नाहीत आणि हे कर्ज बांधकामासाठी आहे, इतकीच अडचण.

आता आपण विचाराल, गावाने सहा वर्षांत हो किंवा नाही काय ते सांगून का टाकले नाही. याला गावाची पद्धत कारणीभूत आहे. मोहबोडीत मतदान करत नाहीत. हात वर करायला सांगितले तर लोक एकमेकांकडे पाहून हसतात. निर्णय सगळ्यांचे बोलून झाल्यावर होतो, आणि बोलण्याचा क्रम ठरलेला आहे : ज्याचे कमी जाणार तो आधी, ज्याचे सगळ्यात जास्त जाणार तो शेवटी. तो बोलेल तो गावाचा निर्णय. मात्र तो आपणहून बोलत नाही. ज्याला घ्यायचे आहे त्याने त्याला विचारावे लागते. गोंडांचे बोलून झाले, ढिवरांचे झाले, उरलेल्या अकरा बौद्ध घरांचे झाले. हे सगळे पहिल्या आठ महिन्यांत आटोपले. केसरबाई राहिल्या. त्यांना विचारायचे तर त्या बाधित असायला हव्यात. त्या बाधित नाहीत, म्हणून बँक त्यांना विचारू शकत नव्हती. आणि कोणी विचारले नाही, म्हणून त्या बोलू शकत नव्हत्या. नातीचे दात, डोळ्याचे ऑपरेशन, धानावरचा करपा, सगळ्यांवर त्या माझ्याशी सहा वर्षे बोलल्या. घराबद्दल त्यांच्या मनात काय आहे हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मी एकदा विचारलेही. त्या म्हणाल्या, “तुमी इचारता का बँक इचारते?” मी विचार करून सांगितले की मी. “मंग च्या घ्या,” त्या म्हणाल्या.

यंदा कर्जाची मुदत संपत आली. मुदत संपली की सांडवा राहून जातो, पाळ राहून जाते, नळ राहून जातात, आणि मुख्यालयातल्या सगळ्यांचे मूल्यांकन खराब होते. म्हणून अकराव्या मिशनचे प्रमुख स्वतः निर्णय घेऊन जायच्या तयारीने आले. गृहस्थ खरोखर सज्जन. पायातले बूट काढून सतरंजीवर बसले, चहा दोनदा मागून घेतला. त्यांचे इंग्रजी गावाला आणि गावाचे बोलणे त्यांना समजावे म्हणून मूल गावचा दुभाषी जिशान होता. मूलच्या बाजारात त्याच्या वडिलांचे कापडाचे दुकान आहे. कापड आणि वाक्य या दोन्ही गोष्टी मापापेक्षा जास्त फाडायच्या नाहीत असे त्याला घरचे वळण.

प्रमुखांनी गावाला विचारले, संमती आहे का.

“आमचं बोलनं कवाचं झालं,” मंगरूभाऊ म्हणाले. “केसरबाईचं बाकी हाय.”

प्रकल्प संचालकांनी खुलासा केला की सदर महिला बाधित नाहीत.

“बाधित नाई तं त्याईचं घर काऊन पाडता?”

संचालकांनी पुन्हा खुलासा केला की घर पाडण्याचा प्रश्नच नाही, कारण नोंदीनुसार तिथे घर नाही. सांडव्याच्या मार्गात एक अडथळा आहे, तो फक्त दूर करायचा आहे. असे म्हणताना ते त्या अडथळ्याच्या भिंतीला टेकून बसले होते, कारण त्यांना पाठीचा त्रास आहे.

जिशानने हे सगळे इंग्रजीत सांगितले. प्रमुखांनी त्या भिंतीकडे पाहिले. मग त्यांनी पिशवीतून धोरण काढले आणि वाचू लागले. सभा थांबली. ढिवरांच्या बायकांनी तंबाखू मळला. पंचविसाव्या मिनिटाला प्रमुखांना परिच्छेद चौऱ्याण्णव सापडला. त्यात ‘इच्छुक पक्ष’ असा एक वर्ग आहे. प्रकल्पाशी कसलाही संबंध नसलेल्या, पण त्यात रस असलेल्या जगातल्या कोणत्याही व्यक्तीला आपले म्हणणे मांडता येते. आजवर या वर्गात परदेशी विद्यापीठांतले सात विद्यार्थी आणि एक पक्षीनिरीक्षक मंडळ यांची नोंद झाली होती. प्रत्येकाला दोन मिनिटे.

केसरबाईंना विचारण्याचा मार्ग असा मोकळा झाला. मी अर्ज भरून घेतला. ‘प्रकल्पात रस असण्याचे कारण’ या रकान्यात त्यांनी ‘राहतो’ असे लिहायला सांगितले. ‘पत्ता’ या रकान्यात घर क्रमांक देता येईना, म्हणून मी ‘चिंच क्र. ४१७ खाली’ असे लिहिले. संचालकांनी सही केली.

मग प्रमुखांनी त्यांच्याकडे वळून, गावाच्या पद्धतीप्रमाणे, प्रश्न केला. तुमचे काय म्हणणे आहे? जिशानने तो मराठीत सांगितला, एकही शब्द न वाढवता. निर्णय घेणे सोपे जावे म्हणून प्रमुखांनी शेजारी ठेवलेले परिशिष्ट अकरा उचलून पुढे केले. त्यात पाणी मिळणाऱ्या तीन हजार दोनशे चौदा कुटुंबांची नावे, वसाहतीनुसार. इतक्या लोकांची तहान भागणार आहे, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

केसरबाईंनी परिशिष्ट मांडीवर घेतले. पाने उलटली. दोन मिनिटे केव्हाच संपली होती, पण कोणी घड्याळ पाहिले नाही. एका पानावर बोट ठेवून त्यांनी जिशानला काही नावे वाचायला सांगितली. त्याने दहाबारा वाचली. या लोकांना विचारले का, असे त्यांनी विचारले. संचालक म्हणाले, ज्यांना मिळते त्यांना विचारत नाहीत, त्यांची संमती गृहीत असते. मग या लोकांना माझे घर माहीत आहे का, असे त्यांनी मला विचारले. मी सांगितले की नाही. धोरणानुसार माहिती फक्त ज्यांचे जाते त्यांना देतात.

(आता आपल्याला दिलेली आहे. ती आपल्यापर्यंत पोहोचल्याची नोंद मी इथे करते. पान अठ्ठ्याऐंशीवर, एक हजार एकशे सेहेचाळीस क्रमांकाला माझे नाव आहे. शहरातली आपली वसाहत नवी असेल आणि नळजोडणीचा अर्ज आपण भरला असेल, तर आपलेही असणार. प्रत्येक वसाहतीत नावे आडनावाच्या क्रमाने आहेत, शोधायला वेळ लागत नाही.)

केसरबाईंनी परिशिष्ट मिटले, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि ते प्रमुखांच्या हातात परत दिले. सहा वर्षांत पहिल्यांदाच गावातल्या सगळ्यांनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिले. मंगरूभाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला.

“लिवून घ्या,” त्या म्हणाल्या. “मी घर देत नाई. तुमाले घ्याचंच असन तं घ्या, मी काई आडवी पडनार नाई. पन कागदावर केसरबाईनं देल्लं असं लिवू नोका, घेतलं असं लिवा. अन् सायबानं नाई लिवाचं. ह्या कागदात ज्याचं ज्याचं नाव हाय, ज्याच्या नळाले हे पानी येनार हाय, त्यानं आपल्या हातानं लिवाचं, अन् खाली सही कराची, का केसरबाईचं घर मी घेतलं.”